एक फोन, एकतीस मुलं: वर्गात डिजिटल साधन नेमकं कुठे कामी येतं?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात. पहिली ते सातवीची शाळा, माझ्याकडे सहावी, पट एकतीस.

आमच्या गावाने २०१६ साली शाळेसाठी लोकवर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी हजार. काहींनी हिरड्याचे पैसे हातात आल्यावर आठवणीने शाळेत आणून दिले. त्यातून मोठा टीव्ही आला, स्पीकर आला, पेन ड्राइव्ह भरून पाठ आले. भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरं रंगवली. पहिला महिनाभर मुलं घंटेच्या आधी येऊन बसायची. कविता चालीवर लागायच्या, हृदयाचे कप्पे उघडझाप करताना दिसायचे. वर्ग एकदम शांत. मला वाटायचं, शिकतायत.

पावसाळ्यात वेगळी गत. आमच्याकडे चार महिने पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की स्पीकर पूर्ण मोठा केला तरी काही ऐकू येत नाही, आणि लाइट तर दुपारी बाराला गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. तेव्हा खडू-फळाच. पण माझा मुद्दा लाइटचा नाही. लाइट असतानाही काहीतरी चुकत होतं आणि ते मला एका तासाला कळलं.

अपूर्णांक चालू होते. टीव्हीवर दोनदा पाठ दाखवून झाला होता, मी फळ्यावर समजावून झालं होतं. ‘समजलं का?’ विचारलं की एकतीस गळ्यांतून ‘हो सऽऽर’. मग मी कार्डं काढली. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कागद द्यायचा, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. प्रत्येक मुलाची नक्षी वेगळी. कागदाला चार बाजू आणि चार बाजूंना चार पर्याय. मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असा कागद धरायचा. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते माझ्या फोनवर नावानिशी येतं. मुलांकडे काहीही लागत नाही. एक फोन लागतो, तोही माझा, आणि थोडं नेट.

फळ्यावर लिहिलं: १/३ मोठा, की १/४ मोठा, की दोन्ही सारखे, की सांगता येत नाही?

एकतीसपैकी बारा मुलांनी बरोबर उत्तर धरलं. फक्त बारा. वर्गात पहिली येणारी मुलगीही १/४ धरून बसली होती. चार हे तीनापेक्षा मोठे, मग १/४ मोठा, इतका साधा हिशेब.

मी काही बोललो नाही. डब्यातली भाकरी काढली आणि विचारलं, ही तिघांत वाटली तर तुकडा मोठा येईल की चौघांत वाटली तर? सगळे एकदम ओरडले, तिघांत! आणि मग वर्ग गप्प झाला, कारण आपण आत्ताच काय उत्तर दिलं होतं ते त्यांच्याच लक्षात आलं. पुन्हा कार्डं धरायला सांगितली. सत्तावीस.

उरलेले चार कोण ते मला नावाने माहीत होतं. इतर कुणाला नाही, कारण निकाल माझ्या हातातल्या फोनवर होता. मधल्या सुट्टीनंतर त्या चौघांना घेऊन बसलो. त्यातला एक मुलगा १/४ चा अर्थ ‘मला चार तुकडे मिळाले’ असा लावत होता. पाचवीपासून लावत असणार. दोन वर्षं तो ‘हो सर’ म्हणत होता आणि मला पत्ता नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं. तो मुलगा कधी त्रास देत नाही, वही नीट ठेवतो, मागच्या बाकावर गप्प बसतो. असं मूल आपल्या हातून सुटून जातं.

त्या दिवसापासून कुठलंही साधन वर्गात आणताना मी स्वतःला एकच विचारतो: यातून मला मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसणार आहे का? किंवा मुलाच्या हाताला काही काम मिळणार आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते साधन मी कपाटात ठेवतो. टीव्ही आजही लावतो, पण सात-आठ मिनिटं, आणि मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल ते वहीत लिहा’ असं सांगून.

मला इथल्या लोकांकडून ॲपची यादी नको आहे, याद्या आमच्या ग्रुपवर रोज येतात. तुमचा एखादा तास सांगा. काय वापरलं, मुलांनी काय केलं, कुठे फसलं. पालकांनीही लिहावं.

————

शिरोलंब

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद, सर. भाकरीचा प्रसंग मी उद्या माझ्या वर्गात जसाच्या तसा वापरणार.

मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवते. माझं साधन जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर हलवता येणाऱ्या भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये हे बनवायला घेतलं, शाळांसाठी फुकट आहे आणि एकदा संगणकावर टाकलं की नेट लागत नाही.

आठवीला ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ हा पाठ आहे. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब, मध्यगा म्हणजे शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य जोडणारी रेघ. पूर्वी मी फळ्यावर एक छान लघुकोन त्रिकोण काढायचे, तीन शिरोलंब काढायचे, ते आत एका बिंदूत मिळायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत विशालकोन त्रिकोण आला की निम्मा वर्ग कोरा कागद देऊन यायचा, कारण लंब काढायला पायाच पुरत नाही! बाजू बाहेर वाढवायची असते हे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आता मी क्रम बदलला आहे. आधी प्रत्येकाने वहीत आपापला त्रिकोण काढायचा, हवा तसा, आणि गुण्या लावून तिन्ही शिरोलंब काढायचे. वर्गात पंचेचाळीस वेगवेगळे त्रिकोण तयार होतात. बरेच फसतात, पेन्सिलीची टोकं मोडतात, बिंदू जुळत नाहीत. हे फसणं मला हवंच असतं. त्यानंतर प्रोजेक्टरवर तोच त्रिकोण घेते आणि एका मुलाला पुढे बोलावून शिरोबिंदू माउसने ओढायला लावते. हळूहळू ओढ, म्हणते. कोन मोठा मोठा होत जातो, लंबसंपात बिंदू, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो, शिरोबिंदूकडे सरकत जातो, कोन बरोबर काटकोन झाला की त्याच्यावर जाऊन बसतो आणि आणखी ओढलं की त्रिकोणाच्या बाहेर! त्या क्षणी वर्गातून जो आवाज येतो ना, त्यासाठी मी वर्षभर थांबते. मग मी विचारते, मध्यगासंपात बिंदू पण बाहेर जाईल का? पैजा लागतात. तो कधीच जात नाही. का जात नाही, यावर पुढचा अख्खा तास जातो.

एक चूक माझ्याकडून झाली तीही सांगते. पहिल्या वर्षी मी थेट प्रोजेक्टरवरच दाखवलं, वहीत काढायला न लावता. मुलांना मजा आली, पण चाचणीत काहीच फरक पडला नाही. ज्याने स्वतःच्या हाताने लंब काढताना डोकं खाजवलेलं नाही, त्याला पडद्यावरचा बिंदू का हलतो याचं काही पडलेलं नसतं.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मराठी आवाजातले धडे पाहा. मी तिथूनच शिकले, रात्री स्वयंपाक उरकल्यावर, दहा-दहा मिनिटं.

————

दोन_मुलांची_आई

सर, मॅडम, तुमचं वाचून बरं वाटलं, पण पालक म्हणून मनातलं बोलते. राग मानू नका.

माझा मुलगा नववीत आहे. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. म्हणजे संध्याकाळी फोन त्याच्या हातात द्यायचा. गृहपाठाचा फोटो बघायला दोन मिनिटं लागतात, पण फोन तासाभराने परत येतो. मी हिसकावून घेतला तर ‘अभ्यास करतोय’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं, कारण अभ्यास खरंच त्यातच आहे. मी काय बोलणार?

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल वाचला. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी साधारण ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. माझ्या घरातलं चित्र याहून वेगळं नाही.

तुम्ही वर्गात फोन तुमच्या हातात ठेवता, ते मला पटलं. पण घरी पाठवताना कृपया पुस्तकाचं पान सांगा. ‘पान ४२, प्रश्न ३’ एवढं मुलाच्या वहीत लिहून आलं तरी आम्हाला पुरतं.

————

खडूफळा

ताई, राग कसला. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या शाळेतही दोन वर्षांपूर्वीपर्यंत गृहपाठ ग्रुपवर टाकत होतो. लॉकडाउनची सवय राहिली होती, थांबवायचं कुणाला सुचलंच नाही. आता वर्गाच्या दाराशी एक छोटा फळा ठेवला आहे, त्यावर गृहपाठ लिहितो आणि मुलं उतरवून घेतात. ग्रुपवर फक्त सुट्टीची आणि सभेची सूचना.

————

धारणीकर

मी मेळघाटात आहे, धारणी तालुक्यात. माझा अनुभव थोडा वेगळ्या अंगाने.

इथली मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे, संथाली-मुंडारीची नातलग. पहिलीत येणाऱ्या मुलाला माझी मराठी तितकीच परकी, जितकी मला त्याची कोरकू. नवा होतो तेव्हा टॅबवर चित्रं दाखवून शब्द घेत होतो. माशाचं चित्र आलं. मुलं आनंदाने ओरडली, ‘काकू!’ मी दाराकडे बघितलं, कुणाची काकू आली म्हणून. मग पुन्हा मासा दाखवला, पुन्हा ‘काकू’. कोरकूत माशाला काकू म्हणतात. पाण्याला डा. मला ते माहीत नव्हतं आणि टॅबमध्ये भरलेल्या पाठालाही माहीत नव्हतं. तो पाठ ‘मासा’ हेच उत्तर बरोबर धरायचा. म्हणजे ज्या मुलाला उत्तर येत होतं त्याला पडदा ‘चूक’ म्हणून सांगत होता. पहिलीच्या मुलाला. लाल फुली दाखवून.

ते टॅबमधले पाठ मी बंद केले. टॅबचा रेकॉर्डर आणि कॅमेरा मात्र ठेवला. मुलांना सांगितलं, गावात जाऊन आजीकडून शब्द आणा. झाडांची नावं, पाखरांची नावं, शेतातल्या अवजारांची नावं. दोघादोघांच्या जोडीने टॅब घेऊन जायचं, वस्तूचा फोटो काढायचा आणि आजीच्या आवाजात शब्द टिपायचा. परत आल्यावर वर्गात तो ऐकायचा आणि शेजारी मराठी शब्द माझ्या आवाजात भरायचा. आज आमच्याकडे चारशेच्या आसपास शब्द आहेत, मुलांनी जमवलेले. पहिलीत नवीन मूल आलं की सगळ्यात आधी ते ऐकतं. ओळखीचा आवाज आला की मूल हसतं, आणि मग मराठी शब्द ऐकायला कान उघडतात.

एक आजी तर आता स्वतःच शाळेत येते. ‘त्यादिवशी एक पाखरू राहिलं,’ म्हणाली. तिच्यासाठी मी रेकॉर्डर नेहमी चार्ज करून ठेवतो.

या सगळ्याला नेट लागलं नाही. आमच्याकडे नेट नाहीच म्हणा, टेकडीवर जावं लागतं.

————

निवृत्त_केंद्रप्रमुख

वा, धारणीकर. हे वाचून डोळे भरून आले. ते शब्द दोन ठिकाणी उतरवून ठेवा, टॅब बिघडतात.

मी सोलापूर जिल्ह्यात सेवेत होतो. थोडा मागचा भाग सांगतो, कारण नवीन शिक्षकांना वाटतं हे सगळं करोनात सुरू झालं. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. खडूफळा सरांनी लिहिलंय तेच चित्र राज्यभर होतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरची रक्कम, त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुस्तकातला कोड स्कॅन करून पाठ उघडायचं सरकारी दीक्षा ॲप २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं. पुस्तकातल्या कोडखाली सहा अक्षरी-आकडी खूण असते, कॅमेरा चालत नसेल तर ती टाइप करूनही पाठ उघडतो. हे कित्येक शिक्षकांना आजही माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता दुसरी बाजू. शाळाभेटीला गेलो की मी टीव्हीच्या मागे हात फिरवून बघायचो. धूळ असेल तर समजायचं. बहुतेक ठिकाणी कारण एकच: वीजबिल. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. तीस पटापर्यंत वर्षाला दहा हजार, तीसच्या पुढे शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यात खडू, रजिस्टर, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीज. बिल थकलं की जोडणी तोडली जाते, मग टीव्ही कपाटात आणि कपाटाला कुलूप, कारण चोरीला गेला तर जबाबदार मुख्याध्यापक. मी स्वतः एका शाळेत तीन वर्षं न उघडलेला प्रोजेक्टर पाहिला आहे, थर्माकोलसकट. गावाने पोटाला चिमटा काढून दिलेला.

साधन द्यायच्या आधी पुढच्या पाच वर्षांचं बिल आणि दुरुस्ती कोण भरणार हे ठरवा, हे मी प्रत्येक बैठकीत बोलत आलो. इथेही बोलतो.

————

सहाठिपके

मी विशेष शिक्षिका आहे, समावेशित शिक्षणात, म्हणजे दिव्यांग मुलं नेहमीच्याच शाळेत शिकतात तिथे. दृष्टिबाधित मुलांबरोबर काम करते. इथे कुणी या मुलांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझी एक विद्यार्थिनी सातवीत आहे. पूर्ण अंध. तिच्यासाठी फोन ही चैन नाही, तिचं पुस्तक आहे. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, आतच असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. संगणकावर त्याच कामाचं एनव्हीडीए, फुकट. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी ते लिहायला घेतलं. दोन्हींवर मराठी वाचता येतं. ती मुलगी इतक्या वेगात ऐकते की शेजारी बसलेल्या मला एक शब्द कळत नाही.

पण तिला धडा देताना काय होतं बघा. शाळेकडून पीडीएफ येते. उघडली की फोन मुका. कारण ती पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो, आत अक्षरच नाही. किंवा अक्षर आहे, पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येईल अशा पद्धतीत नाही. आपल्याला स्वच्छ मराठी दिसतं, तिला मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा ऐकू येतो. मागच्या वर्षी सराव प्रश्नपत्रिका अशीच आली. सगळा वर्ग सोडवत बसला होता आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मी त्या रात्री प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप केली, पण तास तर गेला होता तिचा.

सगळ्या शिक्षकांना एवढीच विनंती: टाइप करताना युनिकोड वापरा. गूगलच्या कीबोर्डवर बोलूनही मराठी टाइप होतं, नंतर चुका तपासायच्या. आणि ग्रुपवर चित्र टाकलं तर खाली एका ओळीत त्यात काय आहे ते लिहा. ‘फुलपाखराच्या चार अवस्था: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू’ एवढं पुरतं. ज्यांच्याकडे अशी मुलं आहेत त्यांनी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिबाधितांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय नक्की बघावं, २०१६ पासून चालू आहे.

शिरोलंब मॅडम, तुमचा हलणारा बिंदू मी तिच्यासाठी रबराच्या पट्टीवर करून पाहिला. फळीवर तीन खिळे, त्यांना रबर, एक खिळा सरकवायचा. तिने बोटाने विशालकोन ओळखला.

————

शिरोलंब

ताई, हे मी माझ्या वर्गातल्या सगळ्यांसाठी करणार आहे. खिळे-रबराची फळी तर डोळस मुलांनाही लागेल. किती मोठी फळी घेतलीत?

————

सहाठिपके

साधारण फूटभर. मऊ लाकूड घ्या, खिळा सहज निघतो. टोकं मात्र घासून घ्या.

————

कोयत्याचं_पोर

मी बीड जिल्ह्यातला. आई-बाप ऊस तोडायचे, आता मी तिथल्याच शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग रिकामा होतो. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापासोबत फडावर जातात. जाताना शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. पण टोळी या कारखान्यावरून त्या कारखान्यावर हलली की तेही तुटतं.

२०२० मध्ये सगळी मुलं घरी होती तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा शाळेच्या मुलांचा कार्यक्रम लागायचा. चांगला होता. पण ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, टीव्ही नसतो. त्या हंगामात मी एक सुरू केलं ते आजही चालू आहे. रोज रात्री आठच्या सुमाराला मी दोन-अडीच मिनिटांचा आवाज पाठवतो. लिहिलेलं नाही, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. कारण फोन बापाचा असतो, दिवसभर त्याच्या खिशात फडात, रात्री ट्रॅक्टरच्या बॅटरीवर थोडा चार्ज होतो, आणि डेटा जेमतेम. आवाजाला डेटा कमी लागतो. त्यात एक गोष्ट किंवा एक तोंडी गणित, आणि सगळ्या मुलांची नावं घेऊन एक प्रश्न. गणितं तिथलीच असतात: एका मोळीत बारा ऊस, तर सात मोळ्यांत किती?

मुलांनी उत्तर आवाजातच पाठवायचं. पहिल्या आठवड्यात तीनच आले. मग एका मुलीने उत्तराच्या शेवटी ‘सर, आमच्याकडं लई थंडी हाय’ एवढं जोडलं. दुसऱ्या दिवशी मी तिचा आवाज सगळ्यांना पाठवला आणि म्हणालो, अशीच तिकडची खबर द्या. मग येऊ लागले. कुठल्या कारखान्यावर आहेत, कुठं लांडगा दिसला, कुणाच्या बहिणीला ताप आहे. एप्रिलमध्ये परत आल्यावर त्या मुलांचं वाचन थोडं मागं पडलेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती शाळेत परत आली. आधी मोठी मुलं परत यायचीच नाहीत. मी शिकत होतो तेव्हा माझ्या वर्गातला मी एकटा परत आलो होतो.

————

घड्याळी_तास

इथे सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, आणि त्यामुळेच एक कडू गोष्ट लिहायची हिंमत करतो. माझ्या तासातला वेळ साधनं खात नाहीत. साधनांचे पुरावे खातात. उपक्रम घेतला की फोटो काढा, फोटो लिंकवर टाका, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, ग्रुपवर टाकल्याची नोंद दुसऱ्या फॉर्ममध्ये भरा. परवा वाचनाच्या तासाला एक मुलगी प्रथमच अडखळत न थांबता अर्धं पान वाचत होती आणि मला मध्येच ‘आज दुपारी दोनपर्यंत माहिती भरावी’ म्हणून फोन आला. मी बाहेर गेलो. परत येईपर्यंत तिने पुस्तक मिटलं होतं. ती अर्धं पान कशी वाचून गेली ते मी ऐकलंच नाही.

आणि त्या फोटोंचं काय होतं? मुलांचे चेहरे, नावं, शाळेचं नाव, सगळं पन्नास ग्रुपमध्ये फिरतं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल धरतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी पालकांना विचारलं? मीही विचारलं नव्हतं. आता पाठमोरे किंवा नुसत्या हातांचे आणि वह्यांचे फोटो काढतो. पुरावा म्हणून तेवढे चालतात, कुणी परत पाठवले नाहीत.

युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता, शिक्षणात तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर येतं. तो प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

————

खडूफळा

तुमच्या त्या मुलीच्या अर्ध्या पानाचं वाचून पोटात कालवलं. एक सुचवू का? तिला सांगा की पुन्हा वाच, आणि या वेळी फोनवर रेकॉर्ड करा, तिच्यासाठी. महिन्याने पुन्हा एकदा रेकॉर्ड करून तिलाच दोन्ही ऐकवा. मी वाचनात मागे असलेल्या सहा मुलांसाठी हे करतो. जूनचा आवाज आणि दिवाळीचा आवाज शेजारी शेजारी ऐकला की मूल स्वतःच सांगतं, ‘तेव्हा मी स्वल्पविरामाला थांबत नव्हतो.’ ही फाइल कुठल्याच लिंकवर टाकायची नाही.

————

आडवाटेची_बाई

खडूफळा सर, आज पहिल्यांदा तुमची ती प्लिकर्सची कार्डं वापरली! पाचवी, चोवीस मुलं. प्रश्न साधा ठेवला: ०.५ मोठा की ०.३५? चोवीसपैकी सोळा जणांनी ०.३५ धरलं, पस्तीस मोठे म्हणून. मला घाम फुटला, कारण दशांश मी मागच्याच आठवड्यात ‘संपवले’ होते. मग पैसे काढले. पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे. पण आमच्या मुलांनी पैसे बघितलेलेच नाहीत, नाणं रुपयापासून सुरू! तेव्हा मोजपट्टी घेतली, अर्धा मीटर आणि पस्तीस सेंटीमीटर, दोरी कापून हातात दिली. जमलं.

दोन अडचणी आल्या. शेवटच्या रांगेतली तीन कार्डं फोन ओळखतच नव्हता. आणि कार्डावरची अक्षरं इंग्रजी, ती बारीक, त्यामुळे दोन मुलांनी कार्ड उलटं धरलं. काय करावं?

————

खडूफळा

बाई, अभिनंदन! सोळा जण सापडले, हेच मोठं काम झालं.

शेवटची रांग: कार्डं जाड कागदावर छापा, पातळ कागद वाकतो आणि नक्षी तिरपी दिसते. बोट नक्षीवर येऊ देऊ नका, कडेला धरायला सांगा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि फोन आंधळा होतो. माझी पहिली एकतीस कार्डं अशीच वाया गेली, घोडेगावला जाऊन पुन्हा छापून आणली.

अक्षरं: मी कार्डाच्या मागच्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, स्केचपेनने मोठी अ, ब, क, ड लिहिली आहेत. पुढची बाजू फोनसाठी, मागची मुलासाठी. लिहिताना एकदा कार्ड उजेडासमोर धरून तपासा, नाहीतर ब आणि ड ची अदलाबदल होते.

मोजपट्टीची दोरी माझ्या लक्षात आली नव्हती. दशांश दिवाळीनंतर आहेत, तेव्हा घेतो आणि इथे कळवतो.